ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं

आमच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. लालबागच्या आमच्या गल्लीला आता तीन बाजूंनी टॉवर आलेत, त्यामुळे जिन्याखाली दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. पण फळा कुणी हलवला नाही. पाणी कधी येणार, कोण गेलं, पूजा कुणाकडे, कबड्डीचा सराव किती वाजता, सगळं त्याच्यावर. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तरी तिथे आलेलं लोक खाली येऊन फळ्यावर बघतात आणि मगच खरं मानतात. फळ्याचा नियम एकच. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. गिरणी संपाच्या काळात कुणीतरी सभेची सूचना पुसली आणि अर्धी चाळ घरातच बसून राहिली, असं सांगतात. तेव्हापासून दुसऱ्याच्या ओळीला कोणी बोट लावत नाही. गेलेल्या माणसाची बातमीही त्याच्या घरचंच कोणीतरी तेराव्यानंतर येऊन पुसतं.

थंडीतली गोष्ट. सकाळी दूध आणायला उतरले तर फळ्यावर नवी ओळ होती.

‘शासनाच्या नियमानुसार आपल्या महिला संघात जन्माने मुलगी असलेल्या खेळाडूच खेळतील.’

खाली नाव नव्हतं. पण मी आधी मजकूर वाचलाच नाही, अक्षर वाचलं. ते माझ्या आजोबांचं होतं. जाड, सरळ, प्रत्येक अक्षर मांडी ठोकून बसलेलं. आजोबांना जाऊन काही वर्षं झाली होती.

यात भुताटकी नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गिरणी बंद झाल्यावर आजोबा दर रविवारी जिन्यात पोरं गोळा करून फळ्यावरचं अक्षर शिकवायचे. लांबून वाचता आलं पाहिजे, म्हाताऱ्याला वाचता आलं पाहिजे, आणि लिहिणारा घाबरलेला दिसता कामा नये. सेक्रेटरी काका त्यांच्याकडेच शिकले. महिला संघाची कॅप्टन शिकली. मी शिकले. आमच्या चाळीला हस्ताक्षर एकच आहे. तरी दुधाची पिशवी हातात घेऊन मी उभी राहिले आणि मागून कोणीतरी खोकेल अशी वाट बघत राहिले. आजोबा लिहून झाल्यावर खोकायचे.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी युनियनची पत्रकं आली. मी बाराखडी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’वरून शिकले. लाडू ठेवायचे ते पत्रकावर, माळ्यावर गठ्ठे होते ते पत्रकांचे, आणि भांडणातही वडील आईला म्हणायचे, मुद्दा क्रमांक दोनवर ये. आजोबांचं एक वाक्य मला सगळ्या मागण्यांपेक्षा जास्त पाठ आहे. निनावी पत्रक काढणारा आणि भिंतीआड मुतणारा, दोघं एकाच घाईत असतात. फळ्यावर ते दोन शब्द लिहिले तरी खाली ‘आपला’ म्हणून पूर्ण नाव घालायचे. म्हणजे ही ओळ त्यांची नव्हतीच. त्यांच्या हातात घुसून दुसऱ्याच कोणीतरी लिहिली होती.

ती ओळ जिच्यासाठी होती, ती मुलगी दुसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही एका बालवाडीतल्या. ती मुलगा म्हणून वाढली, मुलांच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. चढाई करणारा आत आला की शेवटपर्यंत हलायची नाही, आणि मग एकदम त्याचा घोटा तिच्या हातात असायचा. बारावीनंतर तिने आईला सांगितलं की मी मुलगा नाही. आई ब्लाउज शिवते. ती हिंदमाताच्या कापडबाजारात गेली, कापड घेऊन आली आणि टेप काढून लेकीचं माप घेतलं. वडील त्या आठवड्यात गावाला गेले, ते अजून गावालाच आहेत. परळच्या सरकारी इस्पितळात उपचार सुरू झाले. गेले दोन हंगाम ती मुलींबरोबर सराव करत होती. कॅप्टनने स्वतः वर जाऊन बोलावलं होतं तिला. आता आमच्याच मैदानावर स्पर्धा होती, जिल्ह्याच्या निवडीसाठी माणसं बघायला येणार होती, आणि तिला त्या दिवशी डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं होतं. निवड नाही झाली तरी चालेल म्हणायची. आपल्या चाळीसमोर एकदा उभं राहायचंय, सगळे गॅलरीत असताना.

मी सेक्रेटरी काकांकडे गेले. ते चहात खारी बुडवत होते.

“काका, कुठला नियम?”

“शासनाचा.”

“शासनाने कधी केला?”

“करतंय ना. टीव्हीवर चर्चा चालू आहे. बाहेरच्या देशांत झालाय म्हणतात.”

“आपल्याकडे आलाय का?”

“येईल गं. आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीपासून पाळलेला बरा.”

“तुम्ही लिहिलंत?”

“मी कशाला? तुझ्या आजोबांचं अक्षर आहे ते.” हे त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि दुसरी खारी उचलली. “आणि लिहिणारा पुसेपर्यंत राहू दे. नियम आहे आपला.”

मी दारोदार विचारलं. प्रत्येकाने तेच सांगितलं. मी नाही, पण नियम असेल तर काय करणार. ओळ लिहिणारा कोणीच नव्हता आणि पाळणारे सगळे होते. तिला बघून कोणी दार लावलं नाही, कोणी शिवी दिली नाही. लोक फक्त फळ्याकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग हळूच हसायचे. दातांच्या डॉक्टरकडे आपल्या आधी बसलेला पेशंट हसतो, तसं.

आणि ओळ पुसट होईना. खडूचं लिहिणं दोन दिवसांत झडतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा लागतो, वारा लागतो. बाजूची पाण्याची वेळ झडून गेली. ही ओळ मात्र रोज सकाळी आदल्या दिवशीपेक्षा ठळक असायची. एकदा भर दुपारी, चाळ वामकुक्षीत असताना, मला जिन्यातून खडूचा आवाज आला. मी अनवाणी उतरले. कोणी नव्हतं. खाली लादीवर ताजी पांढरी भुकटी होती आणि दिवा झुलत होता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे हात बघत फिरले. मग माझ्या लक्षात आलं की माझीही बोटं पांढरी आहेत. मी संघाची गुणलेखक. सरावाचे गुण मी खडूनेच मांडते.

त्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर इस्पितळात गेले. तिच्या हार्मोनच्या गोळ्या संपल्या होत्या. बाकावर बसलो. खिडकीतला स्पीकर खरखरला आणि एका मुलाचं नाव पुकारलं गेलं. ती हलली नाही. परत पुकारलं. मला ते नाव ओळखीचं वाटलं, आणि मग कळलं की बालवाडीत आमच्या बाई हजेरीला हेच नाव घ्यायच्या. तिच्याकडे नवं ओळखपत्र आहे, कायद्याने मिळालेलं. इस्पितळाच्या यंत्रात ते पोचलेलं नाही.

“ऊठ ना.”

“मला कुठे बोलावलंय?”

आवाज त्या मुलाला बोलावत राहिला. लोक मान वळवून त्याला शोधायला लागले. एका आजींनी बाकाखालीसुद्धा वाकून बघितलं. शेवटी ती उठली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, तो नाही आला, त्याच्या गोळ्या मला द्या. आतला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “ताई, गोळ्या नाहीत. आधीच्या डॉक्टर मॅडम होत्या तोवर मागवायच्या, त्यांची बदली झाली. आता वरून सूचना आली की मागवू.”

“वरून म्हणजे कुठून?”

त्याने बोटाने छताकडे दाखवलं. तिथे पंखा होता.

परतताना मी पेटले होते. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. शासनाने तातडीने सर्वंकष कायदा करावा. खेळातल्या सहभागाचे निकष ठरवावेत. उपचार हक्क म्हणून द्यावेत. ते घेऊन तिच्या घरी गेले, तर ती आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून काजं करत होती. मी उभी राहून वाचून दाखवलं. झाल्यावर तिने दोरा दाताने तोडला.

“मी मागणी क्रमांक किती?”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही गं. तू दोन गोष्टी एका पिशवीत भरल्यास. गोळ्यांना कायदा कर. कर बाई, उद्याच्या उद्या कर. कोणाची बदली झाली म्हणून माझं औषध थांबायला नको. पण मॅटवर कोण उभं राहणार, हे मंत्रालयातला साहेब ठरवणार? त्याला माझी पकड माहितीये?”

“मग निकष कोण ठरवणार?”

“खेळणारे ठरवतील. मला समोर बसवून. पटत नसेल तर माझ्या तोंडावर नाही म्हणतील. कायदा तोंडावर बोलतो का कधी?”

“फळ्यावरचं तरी कुठे कोण तोंडावर बोललंय?”

“तेच सांगतेय,” ती म्हणाली. “खरा कायदा येईल तेव्हा येईल. त्याचा वास आला तरी लोक असे वागतायत.”

त्या संध्याकाळी मी पत्रकातली खेळाची मागणी खोडली. मला वाटायचं कायदा नसणं म्हणजे अन्याय मोकाट सुटणं. आजोबांच्या सगळ्या पत्रकांचा शेवट ‘कायदा झालाच पाहिजे’ असा व्हायचा. पण त्यांचे कायदे मालकाला बांधायचे होते, खोलीतल्या सगळ्यात एकट्या माणसाला नव्हेत. सरकारने औषध द्यावं, डॉक्टर द्यावा, यंत्रात नाव बदलावं. हे त्याचं काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घ्यायला कायदाच लागतो. ते काम न करता त्याने मुलीचं शरीर मोजायला पट्टी घेऊन उभं राहावं, हे मला मान्य नाही.

एवढं ठरवून मी कॅप्टनकडे गेले, आणि तिथे माझा मुद्दा अडकला. ती गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होती. तिच्या घरात तिच्या एकटीच्या खेळावर नोकरीची आशा आहे.

“तू लिहिलंस?”

“नाही.” उड्या थांबल्या नाहीत. “पण लिहिलं असतं तर? ऐक. ती माझी पण मैत्रीण आहे. ती मला पकडते तेव्हा मला कळतं, तिची ताकद उतरलीय. दोन वर्षांपूर्वी तिची पकड मला सोडवायची नाही, आता सोडवते. पण हाताची लांबी? खांदे? समोरची पोरगी म्हणेल मला घासलं, हात मोडला, तिला मी काय सांगू? तिच्यापण घरी नोकरीची वाट बघतायत.”

“मग तिला समोर बसवून बोल.”

“बोलले असते. गोळ्या नियमित घेतेय का विचारलं तर ती म्हणते, मिळतात तेव्हा घेते. मिळतात तेव्हा! यावर मी पंचांना काय सांगू?”

औषध द्यायचं नाही आणि औषध घेतल्याचा पुरावा मागायचा. हे दोन टोकांचे हात एकाच माणसाचे आहेत, एवढंच मला दिसलं. कॅप्टनने दोरी गुंडाळली.

“बारा जणींत आहे ती. मी नाव काढलेलं नाही. पण खेळवायची हिंमत नाही माझी. त्या ओळीखालून जाऊन मॅटवर नाही उतरता येत.”

स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी सगळी चाळ गॅलरीत होती. समोरचा संघ माहीमकडचा. नारळ फुटला, पोरींनी मॅटला हात लावून कपाळाला लावला. आमच्या सहा जणी उतरल्या. पंच टेबलाशी आले. “सातवी?” कॅप्टन म्हणाली, “सहाच.” ती वर, दुसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून उभी होती. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

सहा जणींनी पसरून उभं राहायला हवं होतं. त्या पसरल्या नाहीत. डावा कोपरा तसाच मोकळा सोडला. कॅप्टन ओरडत होती, सरका, सरका, आणि त्या सरकायच्या आणि पुन्हा मधे यायच्या. मोकळ्या कोपऱ्यात बोनसचा गुण फुकट पडला होता. माहीमची चढाई करणारी मुलगी किरकोळ, चपळ. ती दम धरून आत आली, कबड्डी कबड्डी, डावीकडे वळली आणि थबकली. मोकळ्या जागेकडे बघत, कमरेत वाकून, कोणाच्या तरी हातापासून घोटा वाचवत ती मागे सरकली. पुढच्या चढाईला पुन्हा तसंच. त्यांचा कोच वैतागला. “अगं रिकामं आहे तिकडे. दिसत नाही का?” गॅलरीतला गोंगाट हळूहळू थांबला. सगळे त्या कोपऱ्याकडे बघत होते. मी गुण मांडायचे विसरले.

मध्यंतराला ती पोरगी माझ्या टेबलाशेजारी पाणी प्यायला आली. मी विचारलं, बोनस का सोडतेस?

“काय माहीत,” ती म्हणाली. “तिकडे पायच जात नाही.”

माझा खडू संपला होता. खडूचा डबा फळ्यापाशी असतो. मी जिन्याखाली गेले तर आमची मैत्रीण वरून उतरून तिथे उभी होती, ओळीसमोर. माझ्याकडे न बघता तिने डब्यातून खडू घेतला आणि ओळीच्या खाली लिहिलं, ‘आपली’, आणि पुढे तिचं पूर्ण नाव. ओळखपत्रावरचं. तेच जाड, सरळ अक्षर. रविवारी जिन्यात तीही बसायचीच. नाव आणि ओळ एका हातची दिसायला लागली. क्षणभर खरंच वाटलं की इतके दिवस दुपारी येऊन तीच हे गिरवत होती, स्वतःविरुद्ध.

“आता माझी ओळ झाली ना?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं.” तिने गळ्यातला टॉवेल काढला आणि वरपासून खालपर्यंत फळा पुसला, स्वतःच्या नावासकट. मग ट्रॅकसूटची चेन उघडली. आत संघाची जर्सी होती.

ती मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. पंचांनी कॅप्टनला विचारलं, “सहा की सात?” कॅप्टनने तिच्याकडे बघितलं, निवडीला आलेल्या माणसांच्या खुर्च्यांकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं.

“सात.”

माहीमचा कोच उठला. “पंच, हे चालायचं नाही. यांचाच नियम आहे, यांच्याच फळ्यावर लिहिलाय. येताना वाचलाय मी.”

“दाखवा,” पंच म्हणाले.

सगळे जिन्याखाली गेले. ओला काळा फळा दिव्यात चमकत होता. कोच त्याच्याकडे बघत राहिला. सेक्रेटरी काका म्हणाले, “इथे तर काहीच नाही,” आणि त्यांचा आवाज अगदी सुटल्यासारखा होता.

दुसऱ्या डावात माहीमची पोरगी आली तेव्हा कोपऱ्यात खरंच कोणीतरी होतं, आणि आता ती बिचकली नाही. सरळ गेली. हिने घोटा धरला. धरला, आणि ती किरकोळ पोरगी हिला मॅटवरून फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेली. हिचा हात सुटला. गॅलरीत श्वास सुटल्याचा आवाज झाला. माहीमचा कोच मोठ्याने हसला आणि खाली बसला. त्याची हरकत संपली होती. वरून तिच्या आईचा आवाज आला, मालवणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“पडली तर चालता तुमका. जिकली तर कायदो व्हयो.”

पुढे तिने दोन पकडी केल्या, तीन सोडल्या. सामना आम्ही थोडक्यात हरलो. निवड कॅप्टनची झाली, तिची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ परत फळ्यावर होती. तेच शब्द, तेच अक्षर, खाली नाव नाही. मी तिच्या दारात गेले तर ती ओलं फडकं पिळतच होती. उतरली, नाव लिहिलं, पुसलं, वर जाऊन चहा प्यायली. त्यानंतर रोज. कोण लिहितं ते अजून कळलेलं नाही; पाळत ठेवली त्या दिवशीही ओळ आली. गोळ्यांचं पत्रक मी छापलं, माझ्या नावानिशी, आणि त्याच्यावर सह्या घेत फिरतेय. लोक ते हातात घेतात, वाचतात आणि आधी उलटून बघतात, मागे काही आहे का म्हणून.

एका सकाळी ती खाली आली तर ओळीखाली आधीच एक नाव होतं. कॅप्टनचं. हिने त्याच्याखाली आपलं लिहिलं आणि फडकं घेऊन थांबली. सेक्रेटरी काका दुधाला निघाले होते. चष्मा पुसून त्यांनी वाचलं.

“आता पुसायचं कोणी?” ते म्हणाले. “दोन नावं आहेत.”

दोघींनी अर्धा अर्धा पुसला.

आज त्या दोघी सरावाला लवकर गेल्या, म्हणून मी उतरले. ओळ होती. मी खाली माझं नाव लिहिलं, आणि आजोबांचं अक्षर आणि माझं नाव एकाखाली एक बघून हात जरा थांबला. मग पुसलं. ओला फळा सुकेपर्यंत मी तिथेच उभी होते. मागे कोणी खोकलं नाही.